बिनचांदण्यांचं आभाळ

माझ्या वडिलांनी हॉइट क्रँडलचे पुढचे दोन दात पाडले ते शाळेच्या हॉलमध्ये, तीनशे माणसांसमोर, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. कारण काय, तर एका फोटोतलं आभाळ काळं होतं. बेलार्डमध्ये अजून हा किस्सा सांगतात आणि पोट धरून हसतात. हसू देत. त्यांना अर्धाच ठाऊक आहे. उरलेला अर्धा आमच्या गुरांच्या कोंडवाड्यात घडला, आणि तिथं आम्ही तिघंच होतो.

फोटो माझ्या भावानं काढला होता, चंद्रावर उभं राहून. वेंडेल स्टेगल हे नाव त्या वर्षी सगळ्या पेपरांत होतं, तुम्ही विसरला असाल. गावानं हमरस्त्यावर त्याच्या नावाची पाटी लावली होती. तिला आता बंदुकीच्या गोळ्यांची सहा भोकं आहेत. आमच्याकडे कुठलीही पाटी लावली की लोक येताजाता तिच्यावर नेम धरतात, त्यात वैर नसतं.

वडिलांना आम्ही डॅडी म्हणायचो, म्हातारपणीसुद्धा. अँब्रोझ स्टेगल. दोनशे गुरं, चार बैल आणि एक तोंड, जे फक्त हुकूम द्यायला उघडायचं. आमच्या घरात त्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती. 'येस सर' एवढं एकच उत्तर. चूक झाली की ते म्हणायचे, "वासा धर." म्हणजे कोंडवाड्याच्या कुंपणाचा वरचा आडवा वासा दोन्ही हातांनी पकडायचा, पाठ मोकळी ठेवायची आणि दहा फटके होईतो तोंडातून आवाज काढायचा नाही. हात सुटला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वेंडेलनं सात वर्षांचा असताना फाटक उघडं टाकलं म्हणून वासा धरला होता. मी कितीदा धरला ते मोजायचं सोडून दिलं. आई एकदाच मध्ये पडली. तिच्या हनुवटीवरचा व्रण तिच्याबरोबरच पुरला आम्ही.

डॅडी वाईट होते का? होते. मी उगीच साखर घोळत नाही. पण त्याच हातांनी त्यांनी आम्हाला तारे दाखवले. चौदाव्या वर्षापासून ते गुरांवर रात्रीचा पहारा करायचे. घड्याळ कुणाकडे नसायचं, तेव्हा ध्रुवाभोवती सप्तर्षींची पळी किती फिरली त्यावरून पहारा बदलायचा. आम्हा दोघांना ट्रकच्या हौद्यात उताणं झोपवून ते बोटानं दाखवायचे : ही पळी, हा ध्रुव, तो मृग नक्षत्राचा शिकारी, हे तीन त्याच्या कमरपट्ट्यातले. त्या वेळी त्यांचा आवाज निराळाच असायचा. तो आवाज ऐकायला मिळावा म्हणून मी दिवसभराचा मार विसरायची, याचा मला आजही राग येतो.

आता टिकची गोष्ट. टिक हा आमचा कुत्रा. वेंडेल चंद्रावर गेला त्याच्या दोन हिवाळे आधी डॅडींनी टिकला गोळी घातली. वीस पावलांवरून, भर दुपारी. बंदुकीचा आवाज ऐकून मी बाहेर धावले तर डॅडी गुडघ्यांवर बसून त्याच्या मानेवरून बोटं फिरवत होते.

"नदीन," ते म्हणाले, "या कोल्ह्याच्या गळ्यात पट्टा आहे."

टिक अजून पाय झाडत होता. मी त्यांच्या हातातली बंदूक काढून घेतली आणि त्याचे हाल संपवले.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"कशाला?"

"डोळे जाऊन."

ते उठले, पँट झटकली. "एक शब्द जरी बाहेर गेला ना, तर पुढची गोळी तुला."

"गोळी घालायला आधी मी दिसायला हवी ना, डॅडी."

असं बोलायला नको होतं. त्यांचा हात सरळ माझ्या कानशिलावर बसला. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण आवाजाच्या दिशेनं त्यांचा हात कधी चुकायचा नाही. त्या कानात अजून शिटी वाजते. तीन दिवसांनी तेच माझ्यासाठी कानात घालायचं तेल घेऊन आले, टेबलावर बाटली आपटली आणि एक अक्षर न बोलता निघून गेले.

मी शहरातल्या डॉक्टरला एका मैत्रिणीच्या वडिलांचं म्हणून सगळं सांगून विचारलं. तो म्हणाला, काचबिंदू असणार, आतली नस वाळते, गेलेलं परत येत नाही. डाव्या डोळ्यानं डॅडींना काहीच दिसत नव्हतं. उजव्यानं उजेड दिसायचा, मोठे आकार दिसायचे, आणि पेपर नाकाला लावला तर वरचे मथळे. आभाळातलं काही दिसत नव्हतं. ते लपवणं अवघड नव्हतं. ट्रक मी चालवायची, कुंपणाच्या खांबा-खांबाची त्यांना ओळख होती, आणि गावात ते आधीपासूनच कुणाकडे न बघता चालायचे, त्यामुळे नवीन काही वाटलं नाही. मरणाला डॅडी घाबरत नव्हते. लोकांनी हात धरून रस्ता ओलांडून द्यावा, याची त्यांना भीती होती. बेलार्डमध्ये अँब्रोझ स्टेगल म्हणजे ज्याला अर्ध्या मैलावरून बैलावर डागलेली मालकाची खूण वाचता येते तो माणूस. ते गेलं तर त्यांच्याकडे काही उरत नव्हतं.

उड्डाणाआधी वेंडेल एका रविवारी घरी आला होता. जेवताना डॅडींनी मांस कापता कापता म्हटलं, "वेंडेल, तिथून चांदण्यांचा एक फोटो आण. मोठा. तिथं धूळ नाही, ढग नाही, स्वच्छ येईल."

"येस सर," वेंडेल म्हणाला आणि बटाटे वाढून घेतले.

मला लगेच कळलं तो फोटो कशाला हवाय. नाकाला लावून, उजव्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर धरून, ते एकदा पुन्हा सगळं बघणार होते. त्याच दुपारी अंगणात मी वेंडेलला सांगायला हवं होतं. तो सिगारेट ओढत एकटाच उभा होता, मी त्याच्या शेजारी दहा मिनिटं उभी राहिले, आणि सांगितलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही. त्याची चूक वेगळी. त्या लोकांना कॅमेरा छातीवर बांधून, डोळा न लावता फोटो काढायला महिनोन्‌महिने शिकवतात. तिथं तारे सहजी फोटोत येत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्या टेबलाशी बसलं की त्याच्या तोंडाला दुसरे शब्द यायचेच नाहीत. आकाशात कुठंही जाऊन आला तरी.

डॅडींनी मग पेंडीच्या दुकानात, चर्चमध्ये, न्हाव्याकडे, सगळीकडे सांगून ठेवलं की पोरगा त्यांच्यासाठी तारे आणणार आहे.

सत्कार फेब्रुवारीत झाला, शनिवारी दुपारी. हॉलच्या मागं रात्रभर धुरावर मांस शिजलं होतं, बायकांनी बीन्सचे टोप आणि मक्याचे पाव आणले होते, शाळेच्या बँडनं दोन गाणी बडवली. खिडक्यांवर काळे कागद चिकटवले होते. वेंडेल स्टेजवर मशीनशी उभा राहिला आणि एक एक स्लाइड दाखवायला लागला. आम्ही पहिल्या रांगेत. डॅडींनी नवी टोपी घातली होती, ती त्यांनी मांडीवर धरली होती, आणि तिची कड ते सारखी फिरवत होते.

मग ती स्लाइड आली. खाली राखाडी जमीन, बाजूला यान, आणि त्याच्या डोक्यावर अर्धी पृथ्वी, निळी-पांढरी. बाकी आभाळ काळं कुळकुळीत.

डॅडींनी माझं मनगट पकडलं. "नदीन, हाच ना?" ते कुजबुजले.

"डॅडी, बसून राहा," मी म्हणाले.

तोवर ते उठले होते. आठ पावलांत पडद्यापाशी पोचले, लोकांकडे वळले, आणि बोट वर केलं. त्यांना निळा ठिपका दिसत होता, भोवतीचा काळोख दिसत होता. चांदण्या तिथं असणारच, फक्त आपल्याला दिसत नाहीत, असं त्यांनी धरलं होतं. आणि सगळ्यांना दिसतायत तर आपल्यालाही दिसतात असं दाखवायला हवं.

"हा बघा शिकारी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तो जुना सूर होता, ट्रकच्या हौद्यातला. "हा खांदा. हा दुसरा खांदा. हे तीन कमरपट्ट्यातले. चौदा वर्षांचा होतो तेव्हा वादळात आमची अख्खी गुरं उधळली होती, दोन माणसं तुडवली गेली, आणि ढग फाटल्यावर या तिघांच्या रोखानं मी एकटा परत आलो. आज माझ्या पोरानं ते मला घरी आणून दिले." बोट पडद्यावर बरोबर त्याच कोनात सरकत होतं. कोन चुकत नव्हता. फक्त तिथं काही नव्हतं. "वेंडेल, हाच ना पट्टा?"

वेंडेलच्या तोंडावर मशीनचा उजेड पडला होता. त्यानं पडद्याकडे पाहिलं, डॅडींकडे पाहिलं.

"येस सर," तो म्हणाला.

त्या क्षणी हाताशी काही असतं तर मी त्याच्या डोक्यात घातलं असतं.

तिसऱ्या रांगेतून हॉइट क्रँडल बोलला. हॉइट आमचा शेजारी. एका विहिरीवरून तो आणि डॅडी वीस वर्षं भांडत होते. "अँब्रोझ," तो म्हणाला, "त्या पडद्यावर मला एक तारा दाखव. एकच. माझा सगळ्यात चांगला बैल तुझा."

आधी कुणीतरी मागं खुसखुसलं. मग दोघंतिघं. मग अख्खा हॉल. मी त्यांना फार दोष देत नाही, कारण त्यांना ठाऊक नव्हतं. डॅडींचा हात तसाच वर होता. त्यांनी पडद्याच्या कापडावरून तळवा फिरवला, सावकाश, भिंतीवरचं बटण चाचपावं तसा. मग हात खाली घेतला.

"हॉइट," ते शांतपणे म्हणाले, "पुन्हा बोल."

आणि तो मूर्ख पुन्हा बोलला. "म्हटलं, बैल तुझा, म्हाताऱ्या. पडदा फळ्यासारखा कोरा आहे, दिसत नाही का—"

एवढा आवाज डॅडींना पुरला. दोन खुर्च्या लाथेनं उडवत ते तिसऱ्या रांगेत शिरले, हॉइटचा टाय धरला आणि तोंडावर ठोसा मारला. दात तुटल्याचा आवाज मला पहिल्या रांगेत ऐकू आला. दुसरा ठोसा नाकावर, तिसरा परत तोंडावर. हॉइट खाली गेला तरी त्यांनी टाय सोडला नाही, त्याच्याबरोबर खाली जाऊन मारत राहिले. हॉइटचा जावई डेल्बर्ट लोखंडी खुर्ची मिटवून आला आणि त्यानं ती डॅडींच्या पाठीत घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा वेंडेल स्टेजवरून उडी मारून त्याच्यावर पडला. त्यानं डेल्बर्टचं डोकं खुर्चीच्या कडेवर आपटलं, आणि डेल्बर्टच्या भावानं मागून वेंडेलचा ओठ फाडला. बँडमधला एक जाडा माणूस भोंगा फिरवत कुणालाही मारत होता. मी बीन्सचा टोप उचलला, गरम होता, आणि डेल्बर्टच्या भावाच्या टाळक्यावर पालथा केला. बायका किंचाळत होत्या. मशीन चालूच होतं, आणि या सगळ्यावर ती निळी-पांढरी पृथ्वी पडली होती, लोकांच्या पाठींवर, रक्तावर, बीन्सवर.

शेरीफच्या माणसांनी दोन-तीन गोळ्या छतात झाडल्या तेव्हा थांबलं.

"म्हातारा चळलाय," हॉइट रक्त थुंकत म्हणाला. "कोंडून ठेवा त्याला."

"घरी ने त्यांना, नदीन," शेरीफचा माणूस मला म्हणाला. "आणि लवकर ने."

ट्रक मी चालवत होते. डॅडी मध्ये बसले होते, मुठीवरची कातडी सोलली होती, आणि टोपी हॉलमध्येच राहिली होती. वेंडेल रुमालानं ओठ दाबून खिडकीबाहेर बघत होता. मला वाटतं, म्हातारा चळलाय हे त्याला खरं वाटायला लागलं होतं.

घरी पोचलो तेव्हा सूर्य जाऊन अर्धा तास झाला होता. डॅडी उतरले, अकरा पावलं टाकून कोंडवाड्याच्या फाटकापाशी गेले. ती अकरा पावलं त्यांची मोजलेली होती.

"वेंडेल. इकडे ये."

तो गेला. मीही गेले.

"त्या फोटोत तारे आहेत की नाहीत?"

"नाहीत, सर."

"मग होय का म्हणालास?"

वेंडेलनं ओठ चाटला. "तुम्ही विचारलंत म्हणून."

डॅडींनी मान हलवली. हे उत्तर त्यांना कळलं. तेच त्यांनी त्याला शिकवलं होतं. "का नाहीत?"

मग वेंडेलनं समजावलं, आणि चांगलं समजावलं. तिथली माती उन्हात इतकी चकाकते की कॅमेऱ्याची झडप पापणी लवायच्या आत मिटवावी लागते. तेवढ्यात जमीन उमटते, यान उमटतं, पृथ्वी उमटते. तारे मिणमिणते, त्यांना तेवढा वेळ पुरत नाही. डोळ्यांनासुद्धा उन्हात दिसत नाहीत. यानाच्या सावलीत जाऊन, शिरस्त्राणाची सोनेरी काच वर करून, हातानं उजेड आडवला तर जरा वेळानं दिसायला लागतात.

"म्हणजे झडप उघडी ठेवली असती तर आले असते," डॅडी म्हणाले.

"सावलीत, कॅमेरा कशावर तरी टेकवून, मिनिटभर. आले असते बहुतेक."

"ठेवलीस?"

"नाही, सर."

"तिकडच्या लोकांनी नको म्हटलं असेल. वेळ नसेल."

डॅडींनी कधी कुणाला पळवाट दिलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी दिली. मनगटावर बांधलेल्या वहीत मिनिटा-मिनिटाचं काम लिहिलेलं असतं हे वेंडेलनंच आम्हाला सांगितलं होतं. त्यानं फक्त होय म्हणायचं होतं. म्हण की, असं मी मनात म्हणत होते.

"कुणी काही म्हटलं नाही," वेंडेल म्हणाला. "वेळही होता. दोन-तीन मिनिटं काढली असती. मी विसरलो, डॅडी. परत निघताना कॅमेरे तिथंच टाकून देतो आम्ही, वजन नको म्हणून. फक्त फिल्मचे डबे घेऊन यायचं. शेवटचा कॅमेरा धुळीत टाकला आणि शिडीवर पाय ठेवला, तेव्हा तुमचे तारे आठवले. तोवर उशीर झाला होता."

डॅडींनी खांबावरचा चाबूक काढला.

"वासा धर."

"डॅडी, तो एक्केचाळीस वर्षांचा आहे," मी म्हणाले.

"नदीन, आत जा."

"नाही जात. वेंडेल, मूर्खपणा करू नकोस."

वेंडेलनं कोट काढून खांबाला अडकवला, बाह्या सारख्या केल्या आणि वासा धरला. ज्याचा हात हातात घ्यायला राष्ट्राध्यक्ष उभे राहिले होते, तो माझा भाऊ. का धरला ते मला विचारू नका. मीही धरला असता.

पहिला फटका बसला आणि मला आवाज विचित्र वाटला. कोरडा. वेंडेल हलला नाही. दुसरा. त्या वेळी मी पाहिलं. चाबूक त्याच्या पाठीवर पडतच नव्हता. त्याच्या उजवीकडे दीड हातावर नुसत्या वाशावर पडत होता. वासा धरल्यावर आवाज काढायचा नाही हा डॅडींचाच नियम, आणि आवाज नाही म्हणजे त्यांना नेम नाही. अंधार पडत होता, होता तेवढा उजेडही त्यांच्या डोळ्यांतून गेला होता.

"तीन," डॅडी म्हणाले. लाकडाची ढलपी उडाली.

वेंडेलनं मान वळवून त्या ढलपीच्या जागेकडे पाहिलं.

"चार."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, होय म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर सगळं एकेक करून येऊन गेलं : पडद्यावरचं बोट, तळवा, मोठा फोटो आण म्हणणं. तो फाटलेला ओठ दातांत धरून उभा राहिला.

"पाच." आवाज तसाच कोरडा. "सहा."

सहाला डॅडींचा आवाज फाटला. पन्नास वर्षं त्यांनी तो चाबूक चालवला होता. कातडी आणि लाकूड यातला फरक त्यांना कळत नसेल असं तुम्हाला वाटतं? पहिल्या फटक्यालाच कळलं असणार. पण थांबायचं म्हणजे कबूल करायचं, आणि ते त्यांना जमत नव्हतं. दातओठ खाऊन ते लाकडाला झोडपत राहिले असते, हात गळून पडेपर्यंत.

वेंडेल सरकला. हात न उचलता. वाशावरून तळवे घासत, एक हात, मग दुसरा, कुसळं घुसत असतील तरी न थांबता, तो दीड हात उजवीकडे गेला आणि ढलप्या उडालेल्या जागी त्यानं आपली पाठ दिली.

"सात."

शर्ट फाटला. त्याचे गुडघे वाकले, पण आवाज आला नाही. आठवा फटका बसला तेव्हा मी ओरडले. नवव्याला शर्टावर काळा पट्टा ओला झाला. दहावा डॅडींनी मारला तो अर्ध्याच जोरानं.

चाबूक त्यांच्या हातातून पडला. ते पुढं आले, चाचपत वेंडेलच्या पाठीपर्यंत पोचले आणि तळवा टेकवला. मग तो आपल्या नाकाशी नेला.

"सरकलास," ते म्हणाले.

"येस सर."

"हात सोडलास?"

"नाही, सर."

"नदीननं सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं, डॅडी."

डॅडी वेंडेलच्या शेजारी उभे राहिले, तोंड कुंपणाकडे करून. हात पुढं केले, आणि वासा दोन्ही हातांनी धरला. मला आधी वाटलं आधारासाठी धरला.

"मी आज तीनशे लोकांसमोर खोटं बोललो," ते म्हणाले. "जे दिसत नाही ते दिसतंय म्हणालो. चाबूक घे, वेंडेल. दहा."

वेंडेल त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

"ऐकू आलं नाही का?"

"नाही, सर," वेंडेल म्हणाला. "मारणार नाही."

डॅडींच्या हुकमाला वेंडेलनं पहिल्यांदाच नाही म्हटलं. डॅडींची मान जरा वाकली, पण हात सुटले नाहीत. दहा झाल्याशिवाय वासा सोडायचा नाही. नियम त्यांचा होता आणि ते तिथंच उभे राहणार होते, रात्रभर, उद्या सकाळपर्यंत, मी त्यांना ओळखते. थंडी पडायला लागली होती. डोक्यावर शिकारी उगवून चांगला वर आला होता, तिन्ही ताऱ्यांसकट.

चाबूक मी उचलला.

"नदीन, नको," वेंडेल म्हणाला.

खरं सांगते, पहिला फटका मी मारण्यासाठीच मारला. आईच्या हनुवटीसाठी, टिकसाठी, माझ्या कानासाठी, आणि सगळ्यांत जास्त त्या ट्रकच्या हौद्यातल्या आवाजासाठी, ज्याच्यामुळे मी कधी निघून गेले नाही. तो बरोबर पाठीवर बसला. डॅडींच्या नाकातून श्वास निघाला आणि सगळं अंग वाशावर आपटलं. मला वाटलं होतं बरं वाटेल. नाही वाटलं.

"एक," मी म्हणाले.

उरलेले नऊ मी लाकडावर मारले. त्यांच्या डावीकडे, हातभर लांब, सावकाश, मोठ्यानं मोजत. प्रत्येक वेळी त्यांचे खांदे आवळायचे आणि काही न लागता सैल व्हायचे. पाचव्याला ते थोडे डावीकडे सरकायला लागले, वेंडेलसारखेच. तेव्हा मी उजवीकडे मारलं.

"दहा."

डॅडी तसेच उभे राहिले.

"नऊ चुकले, नदीन."

"येस सर," मी म्हणाले. "अंधार पडलाय, डॅडी. मला दिसत नाही."

वर इतक्या चांदण्या होत्या की कोंडवाड्यातल्या गुरांच्या पाठी मोजता आल्या असत्या. वेंडेल तोंड फिरवून रडत होता. डॅडींनी तोंड वर केलं आणि जिथं शिकारी होता, बरोबर तिथं, बराच वेळ धरून ठेवलं.

"मला पण," ते म्हणाले, आणि वासा सोडला.